दिवेलागणीनंतर दिसणारी दोघं

आमच्या घरात दिवेलागणीनंतर कोणतीही वस्तू जागची हलवायची नाही, असा नियम होता. पाण्याचा गुंड चुलीच्या डाव्या हाताला, पाट भिंतीला टेकून, सूप खुंटीवर, चपला उंबऱ्याबाहेर उजवीकडे. रोजचा दिवस असो की पाहुण्यांनी घर भरलेलं असो, त्यात फरक पडत नसे. मोहाडीच्या आमच्या आळीत ही बाबांची शिस्त समजली जाई. बाबांचं किराण्याचं दुकान होतं, त्यामुळे शेजारच्या सोनाबाई म्हणत, "दुकानदाराचं घर, थे बी दुकानावानीच लावून ठेवते," आणि बाबा नुसते हसत. खरं कारण आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. बाबा, माय, मी, आणि जिच्यासाठी हा नियम होता ती माझी थोरली बहीण शांताताई. ताईला सूर्य मावळला की दिसत नसे.

दिवसा तिच्याइतकी नजर आळीत कोणाची नव्हती. तांदळातला पांढरा खडा ती न चाळता उचलायची. रोवणीच्या दिवसांत मामाच्या धानाच्या बांधीत चिखलात उभी राहिली की तिची ओळ सरळ निघायची आणि बाकीच्या बाया मागं पडायच्या. पण गुरं परतायला लागली, त्यांच्या गळ्यातल्या घंटा रस्त्यावरून ऐकू आल्या, की ती हातातलं काम तिथंच आवरून सैपाकखोलीत चुलीपुढं जाऊन बसायची. चुलीचा जाळ तिला दिसायचा. त्या जाळावर ती भात उतरवायची, लाखोळीच्या डाळीला फोडणी द्यायची, जवसाची चटणी वाटायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं, काय कामसू पोरगी आहे, चुलीपुढून हलत नाही. चुलीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून विहिरीपर्यंत अकरा. मायनं तिला वर्षानुवर्षं मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी खाऊ घातली, बकऱ्याचं काळीज निखाऱ्यावर भाजून दिलं, वैद्यानं सांगितलेलं काजळ घातलं. शेवटी बाबा तिला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आले त्या दिवशी त्यांनी जेवताना एवढंच सांगितलं, "हे जन्माचं आहे. हे घराच्या बाहेर गेलं, तं पोरगी घरातच राहीन." त्यानंतर त्या गोष्टीचं नाव आमच्या घरात निघालं नाही. आजारावर उपाय नसला की माणसं त्याच्यावर झाकण ठेवतात, आणि बाबांनी ठेवलेलं झाकण फार पक्कं होतं.

अशा घरात टीव्ही आला. आळीतला पहिला. बाबांनी तो दुकानाची शोभा म्हणून घेतला होता की पोरींच्या हट्टापायी, हे मला आजही सांगता येणार नाही. कौलांवर उंच बांबू उभा करून त्याच्यावर अँटेना बांधली. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग कोणी तरी वर चढायचं आणि खालून सगळे ओरडायचे, आली, गेली, थोडी डावीकडे. संध्याकाळ झाली की बैठकीत तीस-चाळीस माणसं बसायची, पुरुष पुढं, बाया मागं, पोरं सगळ्यांच्या पायांत. चित्र नीट दिसावं म्हणून बैठकीतला दिवा मालवायची पद्धत होती. आधीच बल्बला जोर नव्हता, त्यात तोही गेला की खोलीत पूर्ण काळोख व्हायचा. त्या काळोखात सगळेच ठेचकाळायचे, एकमेकांच्या पायांवर पाय द्यायचे. ताई मायचा पदर धरून आत आली तरी त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

आणि तिला पडदा दिसायचा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली, कारण ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं माझा हात घट्ट धरला होता. उजेड असलेली वस्तू तिला दिसे, हे चुलीवरून आम्हाला माहीत होतं, पण चुलीत काही माणसं नसतात. इथं माणसं होती. त्यांचे डोळे, हसणं, शर्टाची गुंडी, कपाळावर आलेली बट. मायचा चेहरा, बाबांचा चेहरा, माझा चेहरा तिला दिवेलागणीनंतर कधी दिसला नव्हता. ती माझ्या कानात म्हणाली, "कुंदे, मले सगळं दिसून राहिलं." मी तेरा वर्षांची होते. मला रडू आलं, आणि आपल्याला रडू का येतंय ते कळलं नाही म्हणून मी चिडून तिचा हात सोडवून घेतला.

दर गुरुवारी जेवणाच्या आधी अर्धा तास एक हिंदी मालिका लागायची. तिचं नाव आळीत कोणी घेत नसे, सगळे तिला 'थांब्यावरचे' म्हणत. कुठल्याशा मोठ्या शहरात एक मुलगी आणि एक मुलगा रोज एकाच बसथांब्यावर उभे राहतात. तिला तो आवडायला लागतो, त्याला ती. पण बोलायचं कोणी, हा प्रश्न. तो धीर करून तोंड उघडतो आणि तेवढ्यात बस येते. ती त्याच्यासाठी जागा धरून ठेवते आणि तिथं एक जाडा शेठजी येऊन बसतो. एवढंच. आज कोणी मला अशी मालिका दाखवली तर मी दहा मिनिटांत उठेन. पण आम्ही ज्या मुलखात राहत होतो तिथं पोरगा-पोरगी आधी एकमेकांना आवडतात आणि मग घरच्यांना कळतं, हा क्रम कोणी पाहिलेला नव्हता. सोनाबाई निवडायला आणलेलं तांदळाचं सूप मांडीवर तसंच ठेवून अंधारात बसायच्या आणि वैतागायच्या, "बोलत काहून नाही हा पोट्टा? तीन गुरुवार झाले, नुसती बसच पाहून राहिला." म्हातारे हसायचे, बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ताई मात्र मान पुढं काढून, श्वास रोखून बघत असायची. गुरुवारी ती दुपारपासूनच वेगळी असे. भात लवकर टाकायची, केसांना तेल लावून वेणी घालायची. ती कोणासाठी नटते आहे, असं मी चिडवलं तर म्हणायची, "त्या दोघायसाठी. थे नाही का आपल्या घरी येऊन राहिले?"

त्याच वर्षी ताईचं जमलं. मुलगा सिहोऱ्याकडचा, घरी धानाची शेती, स्वतः पवनीला शाळेत मास्तर, तिथंच खोली घेऊन राहणारा. बाबांनी पाहण्याचा कार्यक्रम सकाळी दहाला ठेवला. भर उन्हात ताईनं पोह्यांच्या बशा दिल्या, एका बशीत केस होता तो तिनं दारातूनच पाहिला आणि बशी बदलली. मुलाच्या आईनं त्याचं कौतुक केलं. साक्षगंधही बाबांनी दुपारी बाराचं धरलं. पाहुणे चारच्या गाडीनं परत गेले, आणि त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा ओसरीवर पाय पसरून बसलेले मी पाहिले.

साक्षगंध झालं तरी लग्नापर्यंत मुलामुलीनं बोलायचं नाही, भेटायचं नाही. पत्र तर मुलीनं लिहायचंच नाही. पण साळीनं होणाऱ्या भाऊजीला चिडवायला हरकत नव्हती, उलट तिनं तसं करावं अशीच अपेक्षा असे. म्हणून कार्डं मी लिहायची. कार्डच, पाकीट नाही. पाकिटात काय आहे असा प्रश्न पडतो, कार्ड पोस्टमनपासून सोनाबाईंपर्यंत कोणीही वाचावं. मी पहिल्या कार्डात सहज विचारलं, तुमच्याकडे थांब्यावरचे पाहता का. उत्तर आलं, 'घरमालकांकडे टीव्ही आहे. दर गुरुवारी पाहतो. तुमच्या ताईला त्यातलं कोण जास्त शहाणं वाटतं, ते विचारून कळवावं.' मी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं, सगळे हसले, आणि ताईनं चेहरा फिरवला. त्या रात्री ती झोपताना म्हणाली, "लिही, म्हणा पोरगी शहाणी आहे, पण तिले भेव वाटते."

असं ते सुरू झालं. गुरुवारी संध्याकाळी पवनीत एक माणूस आणि मोहाडीत ताई एकाच वेळी एकच गोष्ट बघायचे, शुक्रवारी कार्ड जायचं, मंगळवारी उत्तर यायचं. त्यानं बस सोडून द्यायला हवी होती, असं इकडून. बस सोडली असती तर नोकरी गेली असती, मग तिला काय खाऊ घातलं असतं, असं तिकडून. ताई सांगायची, मी लिहायची, आणि माझी मखलाशीही त्यात घालायची. मला ती कार्डं फार आवडत. खरं सांगायचं तर ती ताईला आली आहेत हे मी कधी कधी विसरत असे, आणि त्या वयात एवढं विसरायला फार लागत नाही.

मग तो गुरुवार आला. त्या मुलीला चष्मा होता, जाड भिंगांचा, आणि तो ती मुलाला दिसू नये म्हणून पर्समध्ये लपवत होती, असं त्या दिवशी दाखवलं. चष्म्याशिवाय ती बागेत त्याला भेटायला गेली. समोर भलत्याच माणसाला पाहून लाजली. खांबाला नमस्कार केला. चहात मीठ घातलं. शेवटी तो एका बाजूनं हाका मारतोय आणि ती दुसऱ्या बाजूला हात पुढं करून चाललीय, चाचपडत. आमची बैठक हसून हसून लोटपोट झाली. सोनाबाईंच्या सुपातले तांदूळ सांडले. कोणी तरी मागून ओरडलं, "अवो, तिकडं नाही, इकडं." मीही हसले. पोट धरून हसले, हे मला लपवायचं नाही. मग पडद्याच्या उजेडात मी ताईकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुढच्या रांगेतून बाबा उठले आणि बाहेर निघून गेले. भाग संपायच्या आधी बाबा उठले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्या शुक्रवारी ताईनं कार्ड लिहू दिलं नाही. पण मंगळवारी तिकडूनच आलं. 'या खेपेला लोक फार हसले असतील. मला हसू आलं नाही. चष्मा लपवण्यात तिचं काय साधलं? चष्मा नको, असं तो कधी म्हणाला का?' मी वाचलं तेव्हा घरात ताई आणि मीच होतो, बाहेर लख्ख ऊन होतं. ताईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कुंदे, कार्ड आण. लिही. ताई सांगते, तिले दिवेलागणीनंतर दिसत नाही. लहानपणापासून आहे. औषध नाही. पुढे वाढूही शकते. लगनाआधी तुमाले माहीत असावं. एवढंच लिही, तुझं काही घालू नको."

मी म्हटलं, "बाबा?"

"बाबाचं लगन नाही आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

मी लिहिलं. चार ओळी. शाळेत जाता जाता टपालपेटीत टाकायला निघाले तर वाटेत दुकान. बाबा गल्ल्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "कुंदे, मास्तरायले कार्ड लिवलं का? माहा नमस्कार लिवजो." आणि हसले. लग्न जमल्यापासून बाबांचा चेहरा बदलला होता, गालांवर मांस आलं होतं. मी कार्ड वहीखाली धरून उभी राहिले. हे कार्ड गेलं की हा चेहरा जाणार, ताईचं लग्न मोडणार, आळी बोलणार, पोस्टमन तर आजच बोलणार. आणि ती कार्डं येणं बंद होणार. हे शेवटचं कारण मी चाळीस वर्षं स्वतःपाशीही कबूल केलं नाही. मी ते कार्ड कंपासपेटीत, कंपासच्या खालच्या कागदाखाली दडवलं. शाळेत बसून दुसरं लिहिलं. त्यात चष्म्याची थट्टा केली, बाबांचा नमस्कार लिहिला, आणि ते टपालपेटीत टाकलं. घरी आल्यावर ताईनं विचारलं, "टाकलं?" मी म्हटलं, "हव."

दुसऱ्या आठवड्यात सिहोऱ्याहून होणारे सासरे आले. लग्न गोरजावर लागेल, असं त्यांनी ओसरीवर बसता बसताच सांगितलं. बाबांनी सकाळचा मुहूर्त काढून ठेवला होता. त्यांनी उन्हाळ्याचं कारण दिलं, पाहुण्यांच्या परतीच्या गाड्यांचं दिलं, भटजींचं दिलं. सासरे शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "आमच्या घरी तीन पिढ्यायपासून गोरजावरच लगन लागते. तेवढं एक सोडून सगळं तुमच्या मनासारखं." गोरज म्हणजे गुरं परतायची वेळ, दिवस आणि रात्र यांच्यामधली. तीच वेळ, जेव्हा ताई हातातलं काम टाकून चुलीपुढं जायची. बाबांनी ते मान्य केलं. जास्त ताणलं असतं तर का, असं विचारलं गेलं असतं.

त्याच दिवसांत माझ्या कंपासपेटीतून ते कार्ड नाहीसं झालं. कागद उचलून पाहिला, तर खाली काही नाही. बाबा हिशेब लिहायला माझी पेन्सिल नेहमी त्या पेटीतून नेत. मला खात्री पटली की त्यांनी ते पाहिलं, वाचलं आणि चुलीत घातलं. ताईला काय हवं होतं हे त्यांना कळलं, आणि तरी ते गप्प राहिले. मला त्यांचा मनस्वी राग आला. माझ्या स्वतःच्या लबाडीवर टाकायला तो राग फार सोयीचा होता.

भाऊजींकडून दोन मंगळवार काहीच आलं नाही. तिसऱ्या मंगळवारी कार्ड आलं. 'त्या मुलीनं चष्म्याचं सांगून टाकलं, हे फार बरं केलं. सांगायला धीर लागतो. आता पुढचं त्याच्यावर सोपवा.' मी ते वाचलं तेव्हा ओसरीवर सगळेच होते. सोनाबाई म्हणाल्या, "कवा सांगतलं? अजून तं लपवूनच राहिली ना थे. पवनीले आपल्या आंधी दाखवतात काय?" बाबा म्हणाले, "मास्तर लोक, डोक्यात शाळा असते." सगळे हसले. ताईनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, उन्हाकडे धरून दोनदा वाचलं आणि आत निघून गेली. माझ्या टाळक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

लग्नाच्या मांडवाला जांभळीच्या डहाळ्या घातल्या होत्या, त्यांचा ओला वास अजून माझ्या नाकात आहे. बाबांनी तुमसरहून गॅसबत्त्या मागवल्या, एवढ्या की लोक म्हणाले, दुकानदारानं ऐट दाखवली. सूर्य कलला तशा त्या फसफस करत पेटल्या. माय सकाळपासून जेवली नव्हती. नवरीला मामानं हात धरून बोहल्यावर आणायची रीत आहे म्हणून तिथवर निभावलं. मामानं ताईला आणली, पाटावर उभी केली आणि तो बाजूला झाला. मी करवली, तिच्या मागं दिवा घेऊन. अंतरपाटाच्या पलीकडं भाऊजी होते, ते मला दिसत होते, तिला नाही. मंगलाष्टकं संपत आली. मुलीच्या बापानं मांडवात कुठलं काम हाती घ्यायचं नसतं, पण बाबांनी एका माणसाच्या हातातली गॅसबत्ती घेतली आणि ती उंच धरून ते बोहल्याच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांच्या मनगटाची शीर तट्ट फुगली होती.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि त्या गोंगाटात आवाजावरून अंदाज घ्यायची ताईची सोयही गेली. इतक्या उजेडानं ती आणखीच दिपली असावी. तिनं हार वर उचलला आणि हात डावीकडं गेले, जिथं भाऊजींचा मित्र उभा होता. माझ्या डोळ्यांपुढं बागेतली ती मुलगी आली, खांबाला नमस्कार करणारी. आता हे सगळे हसतील, असं मला वाटलं. तेवढ्यात भाऊजी अर्धं पाऊल तिच्या हातांकडे सरकले. त्यांचे ओठ हलले. मी इतकी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं, दुसऱ्या कोणालाही नाही. "मी समोरच आहो. जरा वरतं." आणि त्यांनी मान खाली केली, इतकी की फेटा ताईच्या हातांना लागला. हार बरोबर पडला. मांडव हसला खरा, पण भाऊजींना. "आतापासूनच वाकला बाप्पा," असं कोणी तरी म्हणालं आणि सिहोऱ्याच्या बाया खिदळल्या. बाबांनी बत्ती खाली ठेवली आणि ते मांडवाबाहेर गेले.

भाऊजींना ऐन वेळी कसं कळलं, याचं उत्तर मी माझ्यापुरतं काढलं. चलाख माणूस, तिचे हात भलतीकडे जाताना पाहिले आणि सावरून घेतलं. बाबांनीही तसंच धरलं असणार. ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिला मालिकेचा शेवट सांगितला, कारण पवनीच्या खोलीवर टीव्ही नव्हता, आणि नव्या नवरीनं घरमालकांकडे जाऊन बसणं बरं दिसलं नसतं. त्या मुलाला चष्म्याचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिच्या नाकावर चष्म्याचे वण होते. ताई चुलीपुढं बसून हसली. "हव, तसंच असते," एवढंच म्हणाली, आणि माझा चेहरा कुठं आहे ते हातानं शोधून तिनं माझा गाल ओढला.

त्यानंतर बाबा अठरा वर्षं जगले. पवनीला ते वर्षातून दोन-तीनदा जात. सकाळच्या गाडीनं तांदूळ, पापड, कैऱ्या घेऊन जायचे, नातवंडांना मांडीवर घ्यायचे, आणि ऊन उतरायला लागलं की पिशवी उचलायचे. भाऊजींनी कितीही आग्रह केला तरी दिवेलागणीपर्यंत ते कधी थांबले नाहीत. पोरीच्या घरी रात्र काढत नाहीत जुने लोक, असं सगळे म्हणत. मला खरं कारण ठाऊक होतं. जावयाला फसवून मुलगी दिली, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं, आणि त्या घरात संध्याकाळ झाल्यावर ताईला चाचपडताना पाहायची, किंवा जावई तिला सावरताना पाहायची, त्यांची हिंमत नव्हती. भाऊजींशी बोलताना त्यांची नजर नेहमी त्यांच्या छातीच्या गुंडीवर असे. मला त्यांची कीव यायची, पण त्या कार्डाचा रागही होता, आणि मी मध्ये पडले नाही. आजारपणात शेवटी शेवटी ते मला म्हणाले होते, "मास्तर भला माणूस आहे. मले त्याच्यापुढं बसता आलं नाही." मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

गेल्या वर्षी मी पवनीला गेले होते. ताईला आता दिवसाही दिसत नाही. डोळे उघडे असतात, चेहरा तसाच शांत. भाऊजी निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली. दुपारी आम्ही दोघी पडवीत पोपटाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तिची बोटं अजून माझ्यापेक्षा भरभर चालतात. का कोण जाणे, त्या दिवशी मला ते आत ठेवणं जमेना. मी तिला सांगितलं. ते कार्ड मी टाकलं नव्हतं, कंपासमध्ये दडवलं होतं, तुला खोटं बोलले, आणि मग ते बाबांच्या हाती लागलं.

ताईची बोटं थांबली नाहीत. "बाबाच्या कायले लागते? मीच काढलं होतं," ती म्हणाली. "तू टाकलं म्हणालीस, पण माह्याकडे पाहून नाही म्हणालीस. मले दिवेलागणीनंतर दिसत नसे, कुंदे. दुपारी तुह्यापेक्षा चांगलं दिसे. तू न्हायला गेली तवा पेटी उघडली. भर बाराच्या उन्हात बसस्टँडवरच्या पेटीत टाकून आली."

मग मला बाबा आठवले. "म्हणजे भाऊजींना लग्नाआधीच माहीत होतं. आणि बाबांना तू सांगितलं नाहीस? अठरा वर्षं?"

आता तिची बोटं थांबली. भाऊजी आत पेपर चाळत होते, त्याचा आवाज येत होता. "मले राग होता त्यायचा," ती म्हणाली. "मले झाकून झाकून ठेवलं ना. जशी मी घरातली चोरीची वस्तू. म्हटलं, राहू दे थोडे दिवस, समजू दे त्यायले बी. मग एक पोर झालं, दुसरं झालं, म्हटलं सांगू पुढच्या खेपेले. थे यायचे आन् दिवस असतानीच पिशवी उचलायचे. मले दिसे ना, कुंदे. दिवसाचं मले सगळं दिसे. पिशवी उचलतानी त्यायचा चेहरा दिसे. तरी मी सांगतलं नाही." तिच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिच्यावर रागवावं असं मला वाटलं, आणि कोणत्या तोंडानं रागवायचं तेही कळेना. तीन माणसं एकाच घरात एकमेकांवर माया करत होती आणि प्रत्येकानं एक एक गोष्ट दडवून ठेवली होती. त्या कार्डात तर चारच ओळी होत्या.

ऊन उतरलं तशी मी बसच्या वेळेचा अंदाज घेऊन पिशवी आवरली. भाऊजी उठले आणि घरातला एक एक दिवा लावत फिरले. बैठकीतला, सैपाकखोलीतला, पडवीतला, संडासाच्या वाटेवरचा. ताईला आता त्याचा काही उपयोग नाही, पण चाळीस वर्षांची सवय आहे, दिवेलागणीला त्यांचे हात बटणांकडे जातात. मग त्यांनी टीव्ही लावला आणि ताईला हात देऊन समोरच्या खुर्चीत बसवलं. कुठलीशी नवी मालिका सुरू होत होती. "पोरगी आहे एक," ते सांगायला लागले, "पोराच्या दुकानासमोर उभी आहे. पैसे देऊन झाले, तरी जात नाही."

"काहून जात नाही?" ताईनं विचारलं.

"आता पाहू ना," भाऊजी म्हणाले. आणि मी उंबऱ्यावर चपला शोधते आहे हे पाहून त्यांनी मागं वळून म्हटलं, "कुंदा, दिवे लागले. आता कुठं जातेस? बाबा कधी थांबले नाहीत. तू तरी राहून जाय आज."

ताईनं मान माझ्या बाजूला वळवली. मी पिशवी परत खुंटीला अडकवली, चपला उंबऱ्याबाहेर उजवीकडे नीट लावल्या आणि आत येऊन तिच्या शेजारी बसले.